कॅथलिक प्राथमिक शाळेतलं 'एसएमएससी' : आपल्या मुलांना तिथे नेमकं काय मिळतं?

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. शाळेचा अर्ज भरताना घरापासून सात मिनिटांवर आहे एवढ्याच कारणाने एक कॅथलिक प्राथमिक शाळा तिसऱ्या पसंतीला टाकली होती. १६ एप्रिलला निकाल आला आणि तीच मिळाली. लेक आता इयर वनमध्ये आहे, सहा वर्षांची. शिक्षिका जीव लावतात, वाचन छान सुरू झालंय, शाळेबद्दल तक्रार काहीच नाही.

पण सध्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. परवा जेवायला बसताना लेकीने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढला आणि मग घास घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री मला हळूच म्हणाल्या, "हे शाळेत शिकवतात का? मग आपलं कोण शिकवणार?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तिच्या कोटाच्या खिशात एक दगड सापडला. करडा, गुळगुळीत, सुपारीपेक्षा जरासा मोठा. मी टाकायला निघाले तर ती रडायलाच लागली. "तो माझा सॉरीचा दगड आहे." वर्गात प्रत्येकाने एकेक दगड हातात धरून आपण कुणाशी वाईट वागलो ते मनात आठवायचं आणि मग दगड पाण्याच्या काचेच्या वाडग्यात सोडायचा, असं काहीतरी होतं. हिने सोडलाच नाही, खिशात घालून घरी आणला. का, तर म्हणे, "मी अजून तिला सॉरी म्हटलंच नाहीये."

कुणाला, ते सांगत नाही. वर्गातली मैत्रीण असेल.

शाळेच्या संकेतस्थळावर 'एसएमएससी' नावाचं अख्खं पान आहे. दोनदा वाचूनही हे मूल्यशिक्षण आहे, धर्मशिक्षण आहे की दोन्ही, ते कळलं नाही. ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत किंवा होती, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

पाटीपेन्सिल

ओंजळ, मी इंग्लंडमधल्या अशाच एका शाळेत अकरा वर्षं आहे. आधी टीचिंग असिस्टंट होते, आता वर्गशिक्षिका. मी हिंदू, घरी गणपती बसतो, आणि शाळेने मला त्याबद्दल कधी अवघडून टाकलं नाही. (मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणप्रमुख मात्र कॅथलिकच असावे लागतात.)

एसएमएससी म्हणजे स्पिरिच्युअल, मॉरल, सोशल, कल्चरल, म्हणजे मुलांचा आत्मिक, नैतिक, सामाजिक आणि सांस्कृतिक विकास. पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द चर्चचा नाही, कायद्याचा आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यातच समाजाच्या आत्मिक आणि नैतिक विकासाचा उल्लेख होता. १९८८ च्या कायद्याने तो अभ्यासक्रमाच्या व्याख्येत आणला आणि आज २००२ च्या कायद्याचं ७८ वं कलम सगळ्या सरकारी अनुदानित शाळांना ते बंधनकारक करतं. तुमच्या पहिल्या पसंतीच्या शाळेतही एसएमएससी आहेच. शाळा तपासताना ऑफस्टेडने (सरकारी शाळा-तपासणी संस्थेने) 'स्पिरिच्युअल'चा जो अर्थ धरला, त्यात मुलाची श्रद्धा धार्मिक असो वा नसो, त्यावर विचार करण्याची तयारी, इतरांच्या श्रद्धांबद्दल आदर, जगाबद्दलचं कुतूहल आणि कल्पनाशक्ती हे सगळं येतं. आपण 'अध्यात्म' म्हटलं की लगेच कीर्तन-प्रवचन डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे गोंधळ होतो.

मग कॅथलिक शाळेत वेगळं काय? तिथे हे चारही एकाच मुळातून येतात. बिशपांच्या अपेक्षेप्रमाणे एकूण अध्यापनाच्या वेळातला १० टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यावा लागतो. तो अभ्यासक्रम बिशपांनी ठरवलेला असतो, स्थानिक कौन्सिलने (नगरपालिकेने) नव्हे. त्याची तपासणीही ऑफस्टेड करत नाही. २०२२ पासून त्यासाठी कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट आहे. ते तीन गोष्टी बघतात : शाळेचं कॅथलिक जीवन, धर्मशिक्षण आणि सामूहिक प्रार्थना.

आता कागद बाजूला ठेवते आणि वर्गात काय दिसतं ते सांगते. एका कोपऱ्यात छोटं टेबल असतं, त्यावर कापड, बायबल, क्रूस, मेणबत्ती (आमच्याकडे सेलवर चालणारी). कापडाचा रंग बदलतो : नाताळआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, सणाला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल, एरवी हिरवा. सुट्टीनंतर मुलं वर्गात शिरली की आधी तिकडे बघतात आणि "मिस, हिरवा झाला!" म्हणून ओरडतात. सकाळी, जेवणाआधी आणि घरी जाताना लहानशी प्रार्थना होते. इयर टूपासून मुलं स्वतः प्रार्थना आखतात : सगळ्यांना एकत्र आणायचं, वचन वाचायचं, त्याला काहीतरी प्रतिसाद द्यायचा आणि त्यातून दिवसभरासाठी एक काम घेऊन निघायचं.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती शांतता. तीस सहा-सात वर्षांची मुलं, दोन मिनिटं, हात मांडीवर. सप्टेंबरमध्ये कुणीतरी खुदकन हसतंच. फेब्रुवारी उजाडेपर्यंत खिडकीबाहेरचा पाऊस ऐकू येतो. या वयात स्वतःच्या आत डोकावून बघायची सवय लागणं ही लहान गोष्ट नाही. तुमच्या लेकीचा दगड त्याच सवयीतून आलाय. वाडग्यात दगड टाकून मोकळं होणं सोपं होतं. आधी माफी मागायची राहिली आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, तिचं तिलाच समजलं. या शाळेत नैतिक शिक्षण काय मिळतं असं मला कुणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगेन.

वसईचा_वारा

मी वसईचा कॅथलिक, इथे मँचेस्टरकडे एकोणीस वर्षं. माझी दोन्ही मुलं कॅथलिक प्राथमिक शाळेतून गेली.

पाटीपेन्सिलताईंनी छान लिहिलंय. एक शब्द सुचवतो. एसएमएससीला मराठीत मी 'संस्कार' म्हणेन. हिंदू घरात त्याचा अर्थ सांगायला नको. आमच्या वसईच्या चर्चमध्येही तोच शब्द आहे. बाप्तिस्म्याला आम्ही स्नानसंस्कार म्हणतो, पापनिवेदनाला प्रायश्चित्त संस्कार. माझी आजी जपमाळ मराठीत म्हणायची आणि संध्याकाळी देवासमोर दिवा लावायची. त्यामुळे ओंजळताई, तुमच्या सासूबाईंना हे सगळं परकं वाटत असेल तर त्यांना सांगा, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत आपल्या वसईचा. गोन्सालो गार्सिया. १५९७ मध्ये नागासाकीत क्रूसावर प्राण दिले, १८६२ मध्ये संत जाहीर झाले.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कॅथलिक शाळा म्हणजे 'चांगली शिस्त, चांगली मूल्यं, वर थोडी प्रार्थना' असं समजून मुलं घालणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. आमच्यासाठी मूल्यं प्रभू येशूपासून सुरू होतात. तो काढून घेतला तर उरलेलं कुठल्याही शाळेत मिळेल. तो दगडाचा कार्यक्रम आमच्या दृष्टीने विवेकपरीक्षण आहे, म्हणजे देवासमोर उभं राहून स्वतःला तपासणं. पुढे इयर थ्रीच्या सुमारास कॅथलिक मुलं पहिलं पापनिवेदन आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतील, त्याचीच ही पायाभरणी. तुमच्या मुलीला तो ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. मिस्सेच्या, म्हणजे फादर चालवतात त्या उपासनेच्या वेळी ती छातीवर हातांची फुली करून पुढे जाईल आणि फादर तिला आशीर्वाद देतील. तेव्हा ती घरी येऊन विचारेल, "मला का नाही दिलं?" त्या प्रश्नाची तयारी आतापासून ठेवा. माझ्या मुलाच्या वर्गातली एक शीख मुलगी त्या दिवशी फार रडली होती, कारण तिला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दर्यावर्दी

माझा अनुभव वेगळा आहे. तोही इथे असायला हवा म्हणून लिहितो.

आमच्या मुलाला इयर फोरमध्ये असताना धर्मशिक्षणातून आणि प्रार्थनेतून काढून घेतलं. १९९८ च्या स्कूल स्टँडर्ड्स अँड फ्रेमवर्क कायद्याच्या ७१ व्या कलमाने पालकांना तो हक्क आहे. पूर्ण काढा किंवा काही भागातून काढा, कारण द्यावं लागत नाही. आम्हाला तो वापरावा लागला, कारण एका बदली शिक्षकाने वर्गात आमच्या मूर्तिपूजेबद्दल जे सांगितलं ते ऐकून मुलगा घरी आला आणि देवघराकडे पाठ करून बसला. नऊ वर्षांचा पोरगा. मी ऑफिसातून आलो तर आईशी बोलत नव्हता.

शाळेने माफी मागितली, मनापासून मागितली हेही नमूद करतो. पण त्यानंतर काय झालं? धर्मशिक्षणाच्या तासाला तो वाचनालयात एकटा वर्कशीट करत बसायचा. आणि शाळेचं अख्खं वातावरणच धर्माचं असतं, त्यातून मूल कसं काढणार? सायन्समध्ये निसर्गाबद्दल बोलताना 'निर्मिती' येते, असेंब्लीत संत येतात, भांडण मिटवताना क्षमेची गोष्ट येते. जे वेगळं काढता येत नाही त्यातून बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहतो. शाळा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण हे संस्कार सोयीपुरते घेता येत नाहीत, सगळं किंवा काहीच नाही असा तो मामला आहे. आम्ही शेवटी शाळा बदलली.

पाटीपेन्सिल

दर्यावर्दी, वाचून फार वाईट वाटलं. त्या शिक्षकाने जे केलं ते चर्चच्याच शिकवणीत बसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी जे दस्तऐवज जाहीर केले, त्यांतले दोन इथे महत्त्वाचे : एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल, दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दल. त्या दुसऱ्यात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं सरळ लिहिलंय. स्टाफ ट्रेनिंगमध्ये मी हे दोन्ही एकत्र दाखवते, कारण एक वाचून दुसरा न वाचणारे शिक्षक मीही पाहिले आहेत.

२०२३ मध्ये बिशपांनी धर्मशिक्षणाची नवी मार्गदर्शिका काढली. वर्ष सहा भागांत विभागलंय आणि सहावा भागच मुळी संवाद आणि भेटीचा आहे. इतर ख्रिस्ती पंथ, इतर धर्म आणि जीवनदृष्टी त्यात येतात. कागदावर आहे म्हणजे वर्गात होतंच असं नाही, ते शिक्षकावर अवलंबून आहे. म्हणून ओंजळ, शिक्षिकेला भेटा. 'तुम्ही इतर धर्म शिकवता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी असं विचारा : हिंदू धर्म कोणत्या वर्षी, किती तास, आणि शिकवताना आमच्या मुलीला वर्गासमोर 'नमुना' म्हणून उभं करणार का? शेवटचा प्रश्न नक्की विचारा. सहा वर्षांच्या मुलीला एका धर्माची प्रवक्ती करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिला आपणहून सांगावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी.

प्रार्थनेच्या वेळीही एक फरक लक्षात ठेवा. 'चला, आपण सगळे प्रार्थना करू या' आणि 'ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी करा, बाकीच्यांनी शांत बसून विचार करा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मी दुसरं म्हणते. ते शिकायला मला दोन वर्षं लागली. कुणी शिकवलं नाही, एका मुस्लिम मुलाच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

कंदील

मी एका कॅथलिक प्राथमिक शाळेत पालक-प्रतिनिधी गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाचा सदस्य होतो. 'सोशल' या भागाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची चर्चा कमी होते.

उपवासकाळात कॅफोड या कॅथलिक मदतसंस्थेच्या फॅमिली फास्ट डेला जेवणाच्या हॉलमध्ये नुसतं सूप आणि पाव असतो आणि वाचलेले पैसे मदतकार्याला जातात. १९६० पासूनची ही प्रथा, कॅथलिक स्त्रियांच्या संघटनांनी कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावरच्या माता-बाल दवाखान्यासाठी सुरू केलेली. 'मिनी विनीज' नावाचे मुलांचे गट असतात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची धाकटी शाखा. आमच्याकडे ते फूड बँकेसाठी (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रासाठी) अन्नाचे हवाबंद डबे गोळा करायचे. तिथल्या एका मुलाला हे डबे कुणासाठी असं विचारलं तर तो म्हणाला, "आमच्या वर्गातल्या कुणासाठी तरी. पण कोण ते विचारायचं नसतं." हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं, आणि ते शिकवणाऱ्याबद्दल मला आजही आदर वाटतो. दान करायला बरेच जण शिकवतात. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं द्यायला शिकवणारे कमी भेटले.

लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर ही 'ब्रिटिश मूल्यं' २०१४ पासून सगळ्याच शाळांना एसएमएससीमध्ये दाखवावी लागतात. बहुतेक ठिकाणी त्याचा एक फळा आणि स्कूल कौन्सिलची निवडणूक असते. त्यावर अधिक लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

सोनचाफा

मी आजी आहे, म्हणून ओंजळच्या सासूबाईंसाठी लिहिते.

नातू लंडनजवळच्या अशा शाळेत जातो. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळावर काळा क्रूस घेऊन आला. मला धस्स झालं. सुनेने समजावलं की ही आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) वाटलेल्या झावळ्यांची राख असते, आणि लावताना 'तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार' असं म्हणतात. मी त्याचं कपाळ बघत राहिले. लहानपणी आमचे वडील पूजेनंतर आम्हा भावंडांच्या कपाळाला अंगारा लावायचे, तो आठवला. दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही, वसईच्या दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यांची श्रद्धा त्यांची आहे. पण भीती गेली.

सासूबाईंना एवढंच सांगा, 'आपलं कोण शिकवणार' याचं उत्तर त्या स्वतः आहेत. मी रोज झोपताना नातवाला एक गोष्ट सांगते, मराठीतून. शाळा शाळेचं करते, मी माझं करते. तो दोन्हींबद्दल प्रश्न विचारतो. काहींची उत्तरं मला येत नाहीत, तेव्हा तसं सांगते.

दर्यावर्दी

सोनचाफाकाकू, तुमच्याकडे आजी घरात आहे. आमच्याकडे दोघंही सकाळी सातला बाहेर पडायचो. घरची बाजू रिकामी राहिली, हे मला तुमचा प्रतिसाद वाचताना जाणवलं. त्या शिक्षकाची चूक त्याने कमी होत नाही. पण मुलाने देवघराकडे पाठ केली तेव्हा त्याच्याशी बोलायला आमच्याकडेही शब्द नव्हते, कारण त्याआधी आम्ही कधी त्या विषयावर बोललोच नव्हतो.

वसईचा_वारा

दादा, हे लिहायला धैर्य लागतं. कॅथलिक घरांतही हेच होतं. शाळा शिकवेल म्हणून आम्ही निवांत राहतो, आणि मूल अकरा वर्षांचं झालं की विचारतं, "तुम्ही स्वतः कधी प्रार्थना करता?"

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, दोन संध्याकाळी लागल्या. दर्यावर्दी यांचा पहिला प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

काल शिक्षिकेला भेटले. पाटीपेन्सिलताईंचे तिन्ही प्रश्न विचारले. हिंदू धर्म पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या टर्ममध्ये आहे. तास किती, ते त्यांना पाहून सांगावं लागणार होतं आणि आज ईमेलवर कळवलं. तिसऱ्या प्रश्नावर त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या की मागच्या वर्षी एका मुलाला त्यांनी तसं उभं केलं होतं, त्याला आवडलं असेल असं धरून चालल्या होत्या, विचारलं मात्र नव्हतं. मिस्सेला पुढे जायचं तेव्हा हात कसे ठेवायचे आणि का, हे त्या लेकीला आधीच नीट समजावणार आहेत. सध्या आम्ही तिला कशातूनही काढून घेत नाही आहोत. ती चौथीत जाईल तेव्हा तिलाही विचारू.

आणि दगडाचं. ती मैत्रीण नव्हती. जानेवारीत एकदा शाळेच्या फाटकाशी सासूबाईंनी तिला लांबून मराठीत हाक मारली होती, तेव्हा ही त्यांना म्हणाली होती, "तू इथे येऊ नकोस, तू खूप मोठ्याने बोलतेस." मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाई कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यानंतर त्या कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपाशी थांबायच्या, आणि मला वाटायचं थंडीमुळे.

काल रात्री त्या पोळ्या लाटत होत्या. ही ओट्यापाशी जाऊन उभी राहिली, मराठीत "आजी, सॉरी" म्हणाली आणि दगड त्यांच्या पाण्याच्या फुलपात्रात टाकला. त्यांनी हात पुसले, तिला जवळ घेतलं, आणि दगड काढून तिच्या हातात दिला. पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. आज साडेतीनला त्या फाटकापर्यंत गेल्या होत्या.